सासूबाईंना कापसाचं झाड दाखवायला नेलं

ऑक्टोबर लागला आणि एका सकाळी मा, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या जर्सी सिटीच्या चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून म्हणाल्या, "बौमा, इस देश में कपास होता है ना? मुझे एक बार उसका पेड़ देखना है."

बौमा म्हणजे सूनबाई, मी. पोहे परतत होते, झारा हातातच राहिला. "मा, तुम्ही कापसाचं झाड पाहिलेलंच नाही?"

"ना."

अहो, मी हिंगणघाटची! आमच्याकडे पोर चालायला लागलं की पऱ्हाटीत, कापसाच्या रोपांत, शिरतं. आणि या बाई बंगालमधल्या फुलियाच्या, जिथे माग नसलेलं घर शोधावं लागतं. जन्म टांगाइलचा, आता ते बांगलादेशात आहे. लहानपणीच आईवडिलांबरोबर अलीकडे आल्या, विणकराच्या घरात दिल्या गेल्या, आणि सगळं आयुष्य सुताच्या कांड्या भरण्यात गेलं. माझे सासरे, बाबा, पन्नास वर्षं ताँतच्या, हातमागाच्या सुती, साड्या विणत होते. पण सूत यायचं गाठोड्यांत, लांबच्या गिरण्यांतून. कापूस त्यांच्या भागात पिकतच नाही. तिकडे कापूस म्हटला की डोळ्यांसमोर सावरीचं झाड, उंच, लाल फुलांचं, गाद्या-उशांचं. मांना वाटायचं, सुताचा कापूसही असाच झाडावर उंच लटकत असणार.

बाबा म्हणायचे, "जन्म सुतात गेला, पण त्याचं झाड काही दिसलं नाही." ते गेले त्याला दोन आठवड्यांनी वर्ष होणार होतं. त्या दिवशी त्यांच्यापुढे लावायच्या दिव्याची वात मांना स्वतःच्या हाताने झाडावरून काढलेल्या कापसाची वळायची होती. बस्स, एवढंच. न्यूयॉर्क नको, नायगारा नको, एका वातीपुरता कापूस हवा.

नवरा, शुभो, लॅपटॉपमधून डोकं वर काढून म्हणाला, "ऑनलाइन ऑर्डर करू ना, यार." मी त्याला असा काही पिंजून काढला की मा हसायला लागल्या. त्यांच्याकडे याला तुलोधोना म्हणतात. तिथेही कापूसच पिंजतात! शुभोने मुकाट्याने शुक्रवारची सुट्टी टाकली.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: जर्सी सिटीहून सगळ्यात जवळचा भरपूर कापूस म्हणजे व्हर्जिनियाचं खालचं टोक आणि नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व भाग. आय-९५ धरायचा आणि सुटायचं. गाडीचे आठ तास, पण सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी बरोबर असेल तर दहा धरा. इ-झेडपासमध्ये पैसे भरून ठेवा, टोल पावलापावलावर आहेत. वॉशिंग्टनच्या बाजूची गर्दी दुपारी दोनच्या आत पार करा, नाहीतर तिथेच मुक्काम. ऑक्टोबर ते नोव्हेंबर हा काळ चांगला, बोंडं फुटलेली असतात.

आम्ही शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. बरोबर पोळ्या, बटाट्याची भाजी, मांच्या मुढीचा डबा (मुरमुरे हो, पण मुरमुरे म्हटलं तर त्या रागावतात) आणि दहीभात. दहीभात खायला नव्हता. आमच्याकडे पहिल्या वेचणीला शेताच्या कोपऱ्यात दहीभात शिंपडून मग बोंडाला हात लावतात. मांना मी हे सांगितल्यावर त्या एवढ्या खूश झाल्या की आदल्या रात्री त्यांनीच तांदूळ धुवून ठेवले.

व्हर्जिनिया ओलांडल्यावर एका पेट्रोलपंपावर पाटी दिसली, उकडलेले शेंगदाणे. मी धावत आत गेले. खरंच! मोठ्या भांड्यात, मिठाच्या पाण्यात, सालासकट शेंगा! मोठा कप पाच डॉलरला. मी अमेरिकेत तेरा वर्षं राहते आणि हे मला कोणी सांगितलं नाही? दुसरा धक्का जेवणाचा. साइड म्हणून मागवलेल्या पालेभाजीत डुकराचं मांस निघालं. मा शाकाहारी, नशीब मी आधी चाखली. विचारल्याशिवाय पालेभाजीसुद्धा खाऊ नका. मोटेल नव्वद डॉलर, स्वच्छ, नाश्ता बरा.

शनिवारी सकाळी हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो आणि एका वळणावर एकदम पांढरं. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं, नजर पोचेल तिथवर. शुभोने गाडी कडेला घेतली. मा काचेला नाक लावून बघत होत्या.

"झाडं कुठेत?"

"हीच झाडं, मा."

"एइटुकु? एवढुशी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी फसवतेय. कमरेएवढी रोपं, आणि पानं नाहीतच. यंत्राने कापूस काढायच्या आधी औषध फवारून पानं गाळतात, त्यामुळे नुसत्या काटक्या आणि त्यावर कापूस. मलाही विचित्र वाटलं, आमची पऱ्हाटी हिरवी असते. दूरवर एक हिरवं धूड चाललं होतं, घराएवढं. एका दमात सहा-सहा ओळी गिळत जायचं आणि मागून पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला हा मोठा गोल गठ्ठा टाकायचं. आत माणूस एकच. आमच्याकडे एवढ्या शेताला अख्खी आळी लागली असती. मा म्हणाल्या, "और लोग किधर है?" लोक नव्हतेच.

कोपऱ्यावरच्या दुकानात शुभो पाणी घ्यायला गेला, आम्हीही उतरलो. आठवण म्हणून पोरीला, तिस्ताला, टी-शर्ट बघितला. छातीवर फुटलेलं बोंड आणि 'कापसाचा मुलूख' अशा अर्थाचं काहीतरी, अठरा डॉलर. तिस्ताने सवयीने मागचं लेबल वाचलं. "आजी, मेड इन बांगलादेश. दॅट्स यू!"

मांनी शर्ट हातात घेतला. शिवण उलटून बघितली, कापड बोटांत चोळलं. समोर दाराबाहेर कापूस, आणि हा शर्ट सात समुद्र ओलांडून त्यांच्या जन्मगावाच्या देशात शिवून परत इथेच आलेला. शेत आणि शर्ट यांत एक रस्ता ओलांडायचा होता फक्त! मी दुकानदाराला विचारलं, इथला कापूस तिकडे जातो का. तो म्हणाला, कुठे कुठे जातो, बोटीत चढला की आम्हाला काय माहीत. मांनी शर्ट नीट घडी घालून जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "चलो, खेत में."

आता पुढचं लिहिताना माझे कान अजून तापतात. पण लिहिते.

थोडं पुढे एक शेत होतं, कुंपण नाही, जवळपास कोणी नाही, रस्त्यापलीकडे एक जुनं पांढरं घर तेवढं. शुभो म्हणाला, विचारायला पाहिजे का? मी म्हटलं, "अरे दोन बोंडांना कोण नाही म्हणतं? आमच्याकडे वाटसरूने घेतली तर मालक वर चार देतो." मीच म्हटलं हे. मांनी चपला काढल्या. विणकर मागावर बसण्याआधी काढतात, तशा. मी कोपऱ्यात दहीभात शिंपडला. मांनी नमस्कार केला, पदर कमरेला खोचून त्याची झोळी केली आणि वेचायला लागल्या. मग माझ्याही हाताला खाज सुटली! मी दोन्ही हातांनी, चार बोटांनी पटापट, आजीने शिकवलं तसं. "बघा मा, असं, बोंड धरायचं नाही, टोचतं!" त्यांच्या बोटांना तोवर ओरखडे आलेच होते. त्या हसत होत्या, मी हसत होते, शुभो व्हिडिओ काढत होता.

"आई, स्टॉप."

तिस्ता शेतात आलीच नव्हती. गाडीच्या दाराला धरून उभी, चेहरा पांढराफटक. "प्लीज स्टॉप. डॅड, डोन्ट फिल्म धिस. यू कान्ट डू धिस हिअर."

मी म्हटलं, "अगं काय झालं? ये की तूही!" ती रडायला लागली. मला वाटलं, लाज वाटतेय पोरीला आमची. मला रागच आला.

तेवढ्यात त्या पांढऱ्या घरातून एक कृष्णवर्णीय बाई रस्ता ओलांडून आल्या. पंचाहत्तरीच्या असतील, पायात घरातल्या सपाता, हातात काठी. आमच्यापासून दहा पावलांवर थांबल्या आणि मांच्या कमरेच्या झोळीकडे बघत राहिल्या.

"काय चाललंय तुमचं तिथे?" आवाज चढलेला नव्हता.

मी घाईघाईने म्हटलं, सॉरी मॅम, शेत तुमचं आहे का?

"माझं नाही. ज्यांचं होतं त्यांचंच आहे." मग म्हणाल्या, "माझी आई याच ओळींतून जायची. सहा वर्षांची असल्यापासून. कमरेला अशीच पिशवी बांधून. तिची आईही, आणि तिच्या आईला तर विकत आणलं होतं यासाठी. मी खिडकीतून बघितलं, तर कोणी वाकलेलं, कमरेला पोतं, आणि बाजूला माणूस उभा, मुकादमासारखा." त्यांनी शुभोच्या फोनकडे बघितलं. "आणि हसण्याचा आवाज. मला वाटलं माझं डोकं गेलं."

गुलामगिरी मला माहीत नव्हती का? होती. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी उत्तर पाठ केलंय मी! पण कापूस बघितला आणि मला माझं हिंगणघाट दिसलं, दुसरं काही दिसलंच नाही. माझ्या अकरा वर्षांच्या पोरीला जे शेताच्या कडेला उभं राहून दिसलं ते मला दिसलं नाही.

त्या बाई, मिस डोरीन, सांगत होत्या, "आईने आम्हा सात जणांकडून शब्द घेतला होता, बोंडाला हात लावायचा नाही. आयुष्य समोर राहून काढलं, मी अजून लावलेला नाही."

मी मांना हिंदीत सगळं सांगितलं. आणि खरं सांगते, मला आमची बाजूही मांडायची होती. कंपनी सरकारच्या काळात बंगालच्या विणकरांचे अंगठे कापले म्हणतात, ते ओठांवर आलं होतं. "मॅम, यांच्या लोकांनीसुद्धा..." एवढं बोलले आणि मांनी माझं मनगट दाबलं. जोरात.

"उसकी माँ का नाम पूछो."

मी विचारलं. मिस डोरीन म्हणाल्या, "एस्थर."

"एस्तेर," मा म्हणाल्या. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, "माय हज्बंड. निताई. वीव्हर. ही नो सी." बोट शेताकडे. पुढचं मी सांगितलं, वात, वर्षश्राद्ध, सगळं. मिस डोरीननी शेवटपर्यंत ऐकलं. मला आशा वाटली की त्या म्हणतील, बरं, घेऊन जा थोडा.

त्या म्हणाल्या, "निताईला सांगा, कसा दिसतो ते. पण हा इथेच ठेवा. माझ्या डोळ्यांसमोर पोतं भरून कोणी जाऊ नये."

एका वातीपुरताच कापूस लागणार होता हो! पण मांनी कमरेची गाठ सोडली, खाली बसल्या आणि सगळा कापूस ओळीच्या मुळाशी ठेवला. पदर दोनदा झटकला. मग मिस डोरीनपुढे हात जोडले. त्यांनी मान हलवली आणि काठी टेकत परत गेल्या. शुभोने व्हिडिओ डिलीट केला. परतीच्या वाटेला गाडीत तिस्ता आजीच्या मांडीवर झोपली.

तुम्ही जाल तेव्हा: शेत कोणाचं तरी असतं, विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. बोंडं दुसऱ्या राज्यात न्यायलाही नियम आहेत, आधी चौकशी करा. आणि फोटो काढण्याआधी, कोणत्या मातीवर उभे आहात ते बरोबरच्या शाळकरी पोराला विचारा. आम्ही विचारलं नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मांची ती साडी धुवायला काढली, तर निऱ्यांत कापसाचा एक पुंजका अडकलेला. वातीपुरता, बरोब्बर! मी आनंदाने ओरडले, "मा, बघा! कोणाला कळणार आहे?"

"उसने ना बोला था," मा म्हणाल्या. त्यांनी तो पुंजका तिस्ताच्या हातात दिला. "तू रख. तुझे मालूम था."

मग त्यांनी बॅगेच्या तळातून एक कापड काढलं. बाबा गेले तेव्हा मागावर अर्धी राहिलेली साडी, कापून काढलेली, निळ्या काठाची. ती त्यांनी बरोबर आणलीये हे शुभोलाही माहीत नव्हतं. मांनी कात्री घेतली आणि टोकाकडचं सूत उसवायला लागल्या. मी किंचाळलेच, "मा! काय करताय!" शुभो दारात उभा राहिला. त्यांनी सहा-सात धागे ओढले, ओरखड्यांच्या बोटांनी मांडीवर पीळ दिला, तुपात भिजवले आणि बाबांच्या फोटोपुढे लावले.

फुलियात मागावर चढवण्याआधी सुताला लाह्यांची खळ देतात. वात आधी तडतडली, मग नीट जळू लागली, आणि घरभर लाह्या करपल्याचा वास सुटला. मी स्मोक अलार्मच्या भीतीने खिडकी उघडायला धावले.

"खिडकी मत खोलो, बौमा," मा म्हणाल्या. "उनके हाथ से ऐसी ही खुशबू आती थी."