कडुनिंबाचे शेंडे वाळले तेव्हा

आमच्या कॉलनीत माझ्या आणि शेजारच्या साहेबांच्या फाटकांच्या मधोमध एक मोठा कडुनिंब आहे. साहेब म्हणजे निवृत्त अधिकारी. खुर्ची सुटली, हुकूम सुटले नाहीत. एका दिवाळीच्या सुमारास झाडाचे शेंडे तांबूस पडू लागले आणि बघता बघता सगळा घेर विस्तवावर धरल्यासारखा करपला.

साहेब सकाळीच फाटकात हजर.

"वैनी, झाडाला काय टाकलं तुमी?"

"मी? मी काहून टाकीन?"

"पाल्याच्या नावानं रोज वरडता की तुमीच."

अंगण झाडताना मी कुरकुरायचे, हे खरं. पण तेवढ्यावरून साहेबांनी मला फासावर द्यायचंच बाकी ठेवलं होतं. झाडलोटही माझी आणि आरोपही माझ्यावर! चांगलाच राग आला.

पुढं बहिणीकडं नांदेडला जाताना बसमधून पाहिलं, तर वारंगा फाट्यापर्यंत रस्त्याकडेचे कितीतरी कडुनिंब तसेच वाळलेले. परत येऊन साहेबांना विचारलं, "एवढ्या झाडांना मी एकटी कवा गेले टाकायला?"

साहेबांनी ताबडतोब आरोपी बदलला. आता गुन्हेगार मोबाईलचा टॉवर. त्यांनी झाडाखाली सभा घेतली, टॉवरविरुद्ध घसा ताणून भाषण केलं आणि त्याच टॉवरच्या भरवशावर त्या भाषणाचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपांत पाठवला.

टॉवर काही हलला नाही. मग साहेबांनी दुकानातून सगळ्यात जालीम औषध आणलं, पंप पाठीला बांधला आणि शिडीवर चढले. वारा फिरला. फवारा साहेबांच्या तोंडावर आणि उरलेला त्यांच्याच जास्वंदीवर.

"झाड मरू द्या, आधी तुमी खाली या!" त्यांच्या बायको ओरडल्या. साहेबांचे डोळे धुऊन निवले. जास्वंदीची पानं मात्र करपून गळाली.

संक्रांतीला माझी शेतकी शिकलेली भाची आली. तिनं एक डहाळी मोडून पाहिली.

"मावशी, एक कीड कोवळ्या शेंड्यातला रस शोषते. त्या जखमेतून बुरशी शिरते. वाळलेल्या फांद्या छाटून जाळून टाका. उन्हाळ्यात बहुतेक झाडं आपोआप पालवतात." मग तिची नजर बुंध्याकडं गेली. साहेबांनी सालीला भिडवून सिमेंट ओतून घेतलं होतं आणि वर हुद्द्यासकट आपल्या नावाची पाटी ठोकली होती. "ह्यानं मात्र ते खरंच मरेल."

"पाटी राहणार," साहेब म्हणाले. "लोक घर शोधतील कसं?"

"घर झाडामागंच तर हाय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मजूर लावून फांद्या छाटल्या आणि सिमेंट फोडायला घेतलं. साहेब धावून आले. मागून त्यांच्या बायको पक्कड घेऊन आल्या आणि एकेक खिळा उपटू लागल्या.

"अवं, हे काय करून राहिल्या तुमी?"

"एकदाचे रिटायर व्हा न आता!" त्या म्हणाल्या आणि पाटी साहेबांच्या हातात दिली.

फाल्गुनात झाड तांबूस-हिरव्या पालवीनं भरलं. पाडव्याला कॉलनीनं सत्कार ठेवला, अर्थात साहेबांचा. शाल पांघरून साहेब म्हणाले, "आपली फवारणी बराबर बसली."

मी हाताची घडी घालून बसले होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं मला कोपर मारलं.

"वाजवा टाळ्या ताई, न्हाईतर पुन्हा फवारतील."