जानरावांचे दोन दोर

सोनाळ्यात कुणाच्या छपरावर फांदी आली की जानरावांना बोलावणं जातं. चाळीस वर्षं हा माणूस अनवाणी झाडावर चढला. सामान काय, तर कमरेला अंबाडीचा दोर आणि त्यात खोचलेला कोयता. वर पोचलं की दोराचा फांदीला वेढा द्यायचा आणि कमरेशी गाठ मारायची. आपण कधी पडलो नाही, असं ते गावभर सांगत. दोन वर्षांपूर्वी वेढा द्यायच्या आधीच पाय सटकला, तरी ते पडले नाहीत म्हणे, बोरीच्या कुंपणावर जरा लवकर उतरले. मनगट मात्र मोडलं.

त्यांच्या घरधनीण वच्छलाबाई यांनी त्याच दिवशी झाडं बंद करून टाकली. जानराव चार महिने ओट्यावर बसून समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहिले. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं. झाड सुटलं तर हा माणूस फार दिवस काढायचा नाही, हे मला शेजारी राहून दिसत होतं, आणि वाईटही वाटत होतं.

तोडगा त्यांच्या लेकीने काढला. अपेक्षा नागपुरात बागा सांभाळणाऱ्या एका कंपनीत आहे. तिने हेल्मेट, मांड्यांना आणि कमरेला आवळायचे पट्टे आणि एक लांबलचक केशरी दोर आणला. आठ दिवस राहून बापाला शिकवलं. सुतळीला वजनाची पिशवी बांधून ती उंच बेचक्यातून पलीकडे फेकायची, सुतळीमागून दोर ओढून घ्यायचा. दोराचं एक टोक झाडाच्या बुंध्याला पक्कं बांधायचं आणि दुसऱ्या बाजूने आपण चढायचं. दोराला पकड अशी लावलेली, की ती वर सरकते, खाली घसरत नाही. वर पोचल्यावर फांदीला अडकवायचा एक आखूड पट्टाही होता. तो जानरावांना शेळीच्या दाव्यासारखा वाटला, म्हणून घरीच खुंटीला राहिला.

वच्छलाबाईंनी अट घातली. चढायचं तर याच दोरावर, जुना दोर चुलीत घालायचा, आणि पुन्हा काही झालं तर झाड कायमचं बंद. जानराव सगळ्याला हो म्हणाले. चाळीस वर्षांचा संसार झाल्यावर हो म्हणायला काही लागत नाही.

पहिलं मोठं काम आमच्या शाळेचं निघालं. मी तिथे मास्तर आहे. चिंचेची एक फांदी चौथीच्या वर्गावर अशी झुकली होती, की वारा सुटला की मी पाढे सोडून छताकडे बघायचो. रविवारी सकाळी जानराव हेल्मेट घालून आले. बुंध्याच्या गाठीवर राखण म्हणून उकंडरावांना बसवलं. उकंडराव म्हणजे गावातले सर्व विषयांचे जाणकार. या दोराबद्दलही ते मला अर्धा तास समजावत होते. तो त्यांनी त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिला होता.

जानराव वर गेले, आणि खरं सांगतो, बघत राहावं असं गेले. फांदीवर पाय रोवून उभे राहिले तसा केशरी दोर सैल पडला. तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्या हातात शेळी. उकंडरावांना तंबाखू आठवली. वहिनी, जरा दोराकडे लक्ष ठेवा, असं सांगून ते उठले. गाठीबद्दल बोलायचं राहून गेलं. मी कापलेल्या फांद्या ओढायला पलीकडे गेलो.

आमच्याकडे बुंध्याला बांधलेला मोकळा दोर म्हणजे ज्याच्यापाशी जनावर त्याचा. त्याला कुणी विचारत नाही. वच्छलाबाईंनी बघितलं, नवरा पलीकडच्या दोरावर आहे, तो दोर वरून लोंबतोय, आणि इकडे बुंध्याला चांगला नवा दोर उगाच गुंडाळून ठेवलाय. दोन्ही एकाच दोराची टोकं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेळीचं दावं आखूड होतं. त्यांनी ती अवघड गाठ धीराने सोडली आणि दोराचं टोक शेळीच्या दाव्याला जोडलं. तेवढ्या वेळापुरता जानरावांचा जीव एका शेळीच्या हवाली होता, आणि शेळी चिंचेचा पाला खात होती.

वर जानराव दोरावर भार टाकून मागे रेलले. शेळी ओरडली, बुंध्याकडे दोन पावलं ओढली गेली. जानराव दोन हात खाली आले आणि जागीच थांबले. मी धावलो. पट्ट्यांच्या आतून, सदऱ्याखालून अंबाडीचा जुना दोर निघून फांदीला आवळला होता.

वच्छलाबाईंना एका क्षणात सगळं कळलं. त्यांनी दोर शेळीच्या दाव्यातून सोडवून पुन्हा बुंध्याला बांधला. मी माझी एक गाठ वर मारली. जानराव सावकाश उतरले. उकंडराव तंबाखू मळत परत आले आणि गाठ जरा वेगळी दिसते, एवढंच म्हणाले.

जानरावांनी हेल्मेट काढलं. वच्छलाबाईंची नजर त्यांच्या कमरेवर.

“हा दोर तं चुलीत घातला होता ना तुमी?”

“अन गाठ कोनं सोडली?”

मग वच्छलाबाई मुळावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. जानराव शेजारी टेकले. आता झाड कायमचं बंद, असं त्यांनी मनात धरलं होतं, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. नवीन दोर कसा वाटला, असं तिने विचारलं. जानरावांनी फोन बायकोच्या हातात दिला. दोर चांगला आहे, वच्छलाबाईंनी सांगितलं, आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात काम होतं वेशीजवळच्या कडुनिंबाचं. वच्छलाबाई शेळी घरी बांधून आल्या. उकंडरावांना त्यांनी घरी पाठवलं आणि बुंध्याच्या गाठीला पाठ लावून स्वतः बसल्या. जानराव पट्टे आवळत होते, तेव्हा त्यांनी गाठोड्यातून अंबाडीचा दोर काढून नवऱ्याच्या कमरेला बांधला.

“हाही राहू द्या. माह्या एकटीवर भरोसा नका ठेवू.”