चंदेरी वहिनींच्या गासड्या

“फोटो काढला म्हणजे माल गेला का हो?”

“कागदोपत्री गेला, वहिनी.”

“मग सासूबाईंनाही कागदोपत्रीच झोपवू का खोलीत?”

बोळातल्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, “झोपव बाई. इथे तरी कुठे डोळा लागतोय!”

वेफर्सच्या कंपनीचा माणूस कसनुसं हसला.

वहिनी या भंगाराच्या दुकानाच्या मालकीणबाई. नवरा वजनकाट्यावर, त्या निवडायला. प्लास्टिक नुसतं चुरगाळून आवाजावरून कुठलं ते सांगतात. बाटल्या विकल्या जातात, पुठ्ठा विकला जातो. वेफर्सच्या आतून चकाकणाऱ्या पाकिटांना मात्र कुणी हात लावत नाही. बाकीचे दुकानदार ती सरळ गटारात लोटतात. वहिनींच्या हातून ते होईना. साठवत बसल्या, आणि गल्लीत नाव पडलं चंदेरी वहिनी.

मग नियम आला: पाकीट विकलं त्या कंपनीनंच त्याच्या कचऱ्याचं बघायचं. हा माणूस येऊन म्हणाला, “जमवा, लगेच उचलतो.” लगेच म्हणतोय म्हणून वहिनींनी सासूबाईंची तळमजल्यावरची खोली पाकिटांना दिली. म्हातारीच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून खाट बोळात आली. घरचं कार्य उरकल्यावर मागून आणलेली भांडी ज्याची त्याला पोचती करावीत, तशी वहिनींनी पाकिटं कंपनीवार वेगळी केली आणि गासड्या बांधल्या. खोली छतापर्यंत भरली.

आज तो उगवला तो ट्रकशिवाय, आणि गासड्यांचा फोटो काढून मोकळा झाला.

“वेगळी कशाला केलीत? कुणाचीही चालतात, सरकारला दाखवायला वजन भरलं की झालं. आता मोबाईलसमोर एवढंच बोला, ‘माल कारखान्यात गेला.’ ट्रक नंतर येईल.”

“नंतर म्हणजे कधी?”

“वरून कळेल.”

नवरा कानाशी लागला. “बोलून टाक ना! याला दुखावलंस तर खोली जन्मभर अशीच राहील.”

“आणि बोलले तर? गेलेला माल न्यायला कोण येणार आहे?”

नवरा काट्यावरची धूळ पुसू लागला.

“हं, वहिनी,” माणसानं मोबाईल वर धरला. “जरा हसून.”

वहिनींनी बाह्या सरसावल्या. दाराजवळची गासडी उचलून खांद्यावर घेतली. समोर त्याची छोटी पांढरी गाडी उभी होती, डिकी उघडीच.

“अहो, ती माझी घरची गाडी आहे! वहिनी! कुठे निघालात?”

वहिनी पायरी उतरून डिकीकडे निघाल्या.