गोधडीतलं पातेलं

इतके दिवस मी घरी बिअर करायचे ती डब्यातल्या तयार पाकापासून. डबा फोडून पाक पाण्यात उकळला की अर्धं काम झालं. परवाच्या रविवारी पहिल्यांदाच थेट धान्याला हात घातला. मोड आणून वाळवलेली बार्ली जाडसर भरडली आणि मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात कालवली. आता तासभर ऊब टिकायला हवी, तरच धान्याचा गोडवा पाण्यात उतरतो. पातेलं गुंडाळायला म्हणून माळ्यावरच्या गाठोड्यातून हाताला लागेल ते ओढलं, तर बाबांची गोधडी निघाली. गेल्या हिवाळ्यात शेवटचे आठ दिवस ते तापात हिच्याखालीच कुडकुडत होते.

परत ठेवून द्यावी असं वाटलं, पण पातेलं निवत चाललं होतं.

पेजेसारखा गोडसर वास सुटला. मी सारखी गोधडीत हात घालून पाहत होते. तेव्हा ताप उतरावा म्हणून पाहायचे, आता उतरू नये म्हणून. गोधडीला आत कोण आहे ते कुठे कळतं? ती आपली ऊब धरून ठेवते. बाबांची तेवढी तिला धरता आली नाही.

माझ्या या उद्योगाला नाक मुरडणारी आई दारात येऊन थबकली. तिने गोधडी ओळखली. आता काहीतरी बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. ती मात्र पातेल्यापाशी बसली आणि एक कड आत खोचत म्हणाली, "अगं, पायाकडून वारा शिरतोय."

पातेलं गोल होतं. मी पायाकडची दुसरी कड खोचली.