पानं उलटायला कोण?

इथे आखातात, आमच्या अल बर्शातल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक हॉल आहे आणि हॉलमध्ये एक पियानो. दर मंगळवारी संध्याकाळी तिथे एक गायनवृंद जमतो. बहुतेक सगळे ब्रिटिश: शाळांतले शिक्षक, बँकांतली माणसं, त्यांच्या बायका, नवरे. मी त्यात आवाजामुळे नाही, कामामुळे आहे. हॉलचं बुकिंग, खुर्च्या, पाणी, पाहुण्यांचं पार्किंग हे कोणीतरी बघावं लागतं, आणि मला ते न बघता बसवत नाही. गाताना मी मागच्या रांगेत असते आणि शेजारची मला सांभाळून घेते.

पियानोवर टीचर असते. माझ्याच मजल्यावर राहणारी रशियन बाई. बिल्डिंगमधली निम्मी मुलं तिच्याकडे शिकतात, माझी मुलगीही शिकली, म्हणून आमच्या घरात तिला सगळेच टीचर म्हणतात. ती मला मॅनेजर म्हणते.

सुरुवातीच्या वर्षांत तालमीच्या मधल्या सुट्टीत टीचर आपल्या देशाचं काहीतरी वाजवायची आणि ब्रिटिश मंडळी हातातला चहा तसाच ठेवून पियानोभोवती जमायची. एकीला तिची आजी दर नाताळात रशियन बॅले बघायला न्यायची. एकाने पाय मोडून पडलेला असताना एक जाडजूड रशियन कादंबरी संपवली होती. त्यातला कोण कुणाचा मुलगा हे अजून कळलेलं नाही, पण तसं पुस्तक पुन्हा भेटलं नाही, असं तो म्हणायचा. ते संगीत त्यांना परकं वाटतच नव्हतं.

"त्यांना आमचं सगळं आवडतं," टीचर मला एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, "पण रडकं असलं तर जास्त. काल मी लग्नातलं चिडवायचं गाणं वाजवलं, नवरदेवाच्या ढेरीवरचं. एक गृहस्थ डोळे पुसत आले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू म्हणाले. काय म्हणणार?"

मग युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं. टीचरला कोणी एक शब्दही वाकडा बोललं नाही. फक्त सुट्टीत पियानोभोवती जमणं थांबलं. चहा भराभर संपायला लागला. टीचरच्या ते लक्षात आलं आणि ती वृंदाला साथ करण्यापुरतंच वाजवायला लागली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी आमचे संचालक, म्हणजे संगीत शिकवून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ, तिला म्हणाले की या थंडीत एक संध्याकाळ तुझी, तुझं संगीत वाजव. ती हो म्हणाली. तिकीट वगैरे काही नाही, वृंदातली माणसं आणि बिल्डिंगमधले शेजारी. बाकीचं काम माझ्याकडे आलं.

पहिली नकार देणारी वृंदातली सर्वांत जुनी सभासद होती. वृंदाच्या कपबशा तिच्याकडे असतात, म्हणून मी तिला फोन केला होता. ती स्वतः येऊन पार्किंगमध्ये भेटली.

"इंग्लंडमध्ये माझ्या बहिणीच्या घरी युक्रेनहून आलेली एक मुलगी राहते, लहान बाळ घेऊन," ती म्हणाली. "तिचा नवरा आघाडीवर आहे. मी तिच्याशी फोनवर बोलते. तिच्याशी बोलायचं आणि इकडे बसून टाळ्या वाजवायच्या, हे मला जमणार नाही. टीचरने काही केलेलं नाही, मला ठाऊक आहे. कप मी आणून देईन, कबूल केलंय."

मी यादीत तिच्या नावापुढे फक्त 'कप' लिहिलं. तिच्या पाठोपाठ आणखी काही जण गळाले, कुणाचं गोल्फ, कुणाचे पाहुणे. सगळे अगदी गोड बोलून.

टीचरला ते कळायचं राहिलं नाही. एका सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात पोहे खात बसली होती. खाता खाता म्हणाली, "मॅनेजर, एक ठरवलंय. ही माणसं आली नाहीत तर लोकांसमोर आमचं संगीत वाजवायची ही माझी शेवटची वेळ. मुलांना शिकवीन, वृंदाला साथ करीन. बाकीचं घरात, दार लावून."

"तुमची रशियन माणसं येतील ना?"

"माझी माणसं एकमेकांशीच बोलत नाहीत सध्या. थोडं लिंबू द्या."

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याचा हमरिया फ्री झोनमध्ये पॅकिंगचा कारखाना आहे, आणि कुठल्याही अडचणीवर त्याचा उपाय माणसं वाढवणं हा असतो.

"अगं, आपल्या मराठी मंडळाला बोलव. हॉल भरून टाकू."

"हॉल भरेल. पण इतकी वर्षं ज्यांनी ऐकलं ती माणसं तिला समोर हवीत. आपल्याकडच्या गाणाऱ्यालाही ओळखीचा जाणकार पुढे लागतोच की."

त्याने माझी यादी पुढे ओढली. "येतील, इन्शाल्ला."

"माझ्या यादीत इन्शाल्लाचा रकाना नाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्याच्या कारखान्यातून पिकअपमधून खुर्च्या आल्या. ब्रिटिश मंडळी नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी आली, पण निम्मीच. आमच्या मंडळातली काही जोडपी आली आणि आल्या आल्या वड्यांची चौकशी करून बसली. कपवाली सभासद क्रेट घेऊन दारात उभी होती, दाराजवळच्या टेबलावर कप काढून ठेवत होती. तिच्या अंगावर घरातले कपडे होते. थांबायचं नव्हतं, हे दिसतच होतं.

टीचरने पियानोवर स्वरलिपीच्या कागदांचा गठ्ठा ठेवला, मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "पानं उलटायला कोण आहे?"

मी यादी उघडली. मंडळाचे इतके गाण्याचे कार्यक्रम केले: तानपुरा, माइक, कोमट पाणी, कलाकारांच्या चपला ठेवायची जागा, सगळं असतं. पण आमच्या पेटीवाल्यापुढे कागद कधी नसतो. गायकाची वही असलीच तर तोच उलटतो. वृंदाची गाणीही पान-दोन पानांची. पान उलटायला वेगळा माणूस लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि टीचरला ते सांगायची गरज वाटली नव्हती.

"मी बसते," मी म्हटलं. "तुम्ही मान हलवा, मी उलटते."

"वाजवताना मी सारखीच मान हलवते, मॅनेजर."

संचालकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती दारात थांबली. बाकीचे आपल्या आवाजाच्या ओळीपुरतंच वाचतात; त्या वेगाने पियानोचे कागद वाचू शकणारी खोलीत एकच होती, आणि तिच्या हातात रिकामं क्रेट होतं.

मी तिच्याकडे गेले आणि गरजेपुरतंच बोलले. "पानं उलटायला माणूस नाही. तुम्हाला वाचता येतं."

तिने आधी पियानोकडे, मग त्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "मी टाळ्या वाजवणार नाही."

"पानं उलटणाऱ्याने वाजवायच्याच नसतात," संचालक मागून म्हणाले.

तिने क्रेट खाली ठेवलं, हातातलं कडं काढून खिशात टाकलं आणि टीचरच्या डावीकडे जाऊन बसली. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली, बस.

मला त्या संगीतातलं फारसं कळत नाही. मी तिचा हात बघत होते. ती वेळेआधी उठायची, पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरून थांबायची, आणि पान असं उलटायची की आवाज येऊ नये. दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर माझ्या नवऱ्याने मोठ्याने "वा!" केलं. ब्रिटिशांची अख्खी रांग वळली. टीचरच्या ओठांवर हसू आलं आणि पान उलटायला क्षणभर उशीर झाला, कारण पान उलटणारीही हसत होती.

शेवटचं संपल्यावर सगळे गप्प बसले. पूर्वी मला वाटायचं की यांना आवडलं नाही. आता माहीत आहे, ती त्यांची दाद असते. मग टाळ्या सुरू झाल्या आणि चालूच राहिल्या. पानं उलटणारी मात्र मांडीवर हात ठेवून बसली होती.

मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघी तिथेच होत्या. सभासदबाईंनी कागद मागे उलटून एका जागी बोट ठेवलं होतं.

"इथे तुम्ही घाई केलीत."

"लिहिलंय तसंच वाजवलं."

"माझी आई हे रोज वाजवायची, भांडी झाल्यावर. ती हळू वाजवायची."

"तुमच्या आईला नीट वाचता येत नसेल."

मी ट्रे शेजारच्या खुर्चीवर ठेवला. सभासदबाई विचार करून म्हणाल्या, "शक्य आहे. ती कानाने शिकली होती." मग कागदावरून बोट न उचलता, "बहिणीकडे जी मुलगी आहे, तिला मी आजचं सांगणार आहे. तिला ते आवडणार नाही."

"नाही आवडणार," टीचर म्हणाली. "पण सांगा."

बाईंनी कागद सरळ केला.

"इथून पुन्हा वाजवा. हळू."

"लोक चहा पितायत."

"पिऊ देत."

टीचरने सुरुवात केली. आधीपेक्षा हळू, पण बाईंना हवं होतं तेवढं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. पान संपत आलं, त्या उठल्या, उलटलं.

"मॅनेजर," टीचर न वळता म्हणाली, "पुढच्या महिन्यात हॉल कधी मोकळा आहे?"

"शेवटचा शनिवार."

"माझं नक्की नाही हं," सभासदबाई म्हणाल्या, आणि पुढच्या पानाचा कोपरा धरून उभ्या राहिल्या.