भागूबाईचा खिसा

त्याला सगळे भागूबाई म्हणायचे. पन्नाशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा, चांगला उंचापुरा लिफ्ट मेकॅनिक, आणि नाव काय, तर भागूबाई! भित्री भागूबाई. सोबतच्या मेकॅनिकांनी ठेवलेलं नाव, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. माणूस भित्राच होता.

बाकीचे लोक लिफ्टचा मेन स्विच बंद करायचे, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवायचे आणि खुशाल लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचे. भागूबाई स्विच बंद करायचा, पाटी अडकवायचा आणि वर फ्यूज उपसून पँटच्या उजव्या खिशात टाकायचा. मग खिसा चाचपायचा. खाली उतरल्यावर पुन्हा चाचपायचा. "अरे, फ्यूज आहे की अंडं?" लोक विचारायचे. "उबवतोस की काय?" तोही हसायचा, पण हात खिशावरून हलायचा नाही.

ही भीती काही आभाळातून पडली नव्हती. तो उमेदवारी करत होता तेव्हा त्याचे उस्ताद असेच एकदा खड्ड्यात उतरले होते, स्विच बंद करून, पाटी लावून. तेवढ्यात कुणी भला माणूस तिथून चालला होता. त्याला पाटी दिसली नाही, स्विच बंद दिसला, आणि लोकांची गैरसोय नको म्हणून त्यानं तो चालू केला. भलेपणानं हो! उस्ताद वाचले, पण त्यांचा हात गेला. ती किंकाळी भागूबाईच्या कानातून कधी गेली नाही. तेव्हापासून फ्यूज खिशात, कारण दुसऱ्याच्या खिशात हात घालून कुणी भला माणूस लिफ्ट चालू करू शकत नाही.

आणि ह्याच खिशानं त्याचा घात केला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही.

एका हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम अर्ध्यावर आलं होतं, तोच घरून फोन आला. आई बाथरूममध्ये पडली. हातातलं टाकून हा पळाला. आईला फारसं लागलं नव्हतं, पण डॉक्टर, एक्स-रे, औषधं या धावपळीत फोनची बॅटरी संपली आणि खिसा चाचपायचं राहिलं. जन्मात एकदा राहिलं! तिकडे लिफ्ट बंद, पाटी लटकलेली, आत माणूस आहे की नाही ठाऊक नाही, त्यामुळे हात लावायची कुणाची छाती होईना. नुकतंच ऑपरेशन झालेल्या एका बाईंना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं. बाई पुढे बऱ्या झाल्या, पण कंपनीनं भागूबाईला घरी बसवलं.

तेव्हापासून घर चालत होतं ते बायकोच्या शिलाई मशीनवर. भागूबाई काजं करून द्यायचा, बटणं लावायचा आणि दाराची बेल वाजली की दचकायचा. या वयात दुसरं कोण विचारणार? अशात एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीला कायमचा लिफ्ट मेकॅनिक हवा असल्याचं कळलं. अर्जासोबत कव्हर लेटर मागितलं होतं. आपण कोण, काम कसं करतो, मागची नोकरी का सोडली, सगळं त्यात लिहायचं. शेवटचा प्रश्न भागूबाईनं तीनतीनदा वाचला.

पत्र लिहायला बसली मुलगी. तिनं स्वतःची नोकरी अशाच पत्रावर मिळवली होती, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

"बाबा, पहिलंच वाक्य असं पाहिजे, की वाचणारा थांबला पाहिजे," ती म्हणाली आणि तिनं टाइप केलं, 'मी एक निर्भय आणि आत्मविश्वासपूर्ण तंत्रज्ञ आहे.'

भागूबाईनं वळून मागे पाहिलं. "हा कोण?"

"तुम्ही!"

शिलाई मशीन थांबलं. "कोण निर्भय?" बायको म्हणाली. "अगं, झुरळ दिसलं की हे मला हाक मारतात!"

"आई, तू गप्प बस गं. असंच लिहायचं असतं." मुलीची बोटं पुढे पळत होती. 'मागील नोकरी वैयक्तिक कारणांमुळे सोडली.'

"ते खोड," भागूबाई म्हणाला.

"का? खोटं कुठाय? आजीचं पडणं वैयक्तिकच होतं ना?"

"ते जुन्या कंपनीत फोन करतील. आज नाही केला तर वर्षानं करतील. म्हणजे रोज त्या फोनची वाट बघत कामावर जायचं? आणि ते जाऊ दे. पुन्हा झालं तर?"

"काय पुन्हा?"

"नोकरी मिळाली, आणि पुन्हा मी फ्यूज घेऊन तसाच निघून आलो तर? डोळा लागला की मला ती खुर्ची दिसते गं. जिन्यावर कलंडलेली. त्या वेळी बाई वाचल्या. दर वेळी कोण वाचेल?"

बापाचं भागूबाई हे टोपणनाव मुलीनं शाळेत असताना ऐकलं होतं आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. तिनं पहिल्यांदाच विचारलं, "पण बाबा, फ्यूज खिशात ठेवायचाच कशाला?"

मग त्यानं उस्तादांची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत घरात सांगितलीच नव्हती, सांगताना ती किंकाळी पुन्हा ऐकू येईल म्हणून. मुलीनं सगळं ऐकलं, आणि 'निर्भय'पासून खालपर्यंत सगळं पुसून टाकलं. "सांगा तुम्ही. मी नुसतं टाइप करते."

त्यानं मिशीवरून हात फिरवत, अडखळत सांगितलं ते असं:

'मी भित्रा मेकॅनिक आहे. फ्यूज काढून खिशात ठेवल्याशिवाय मी खड्ड्यात उतरत नाही, कारण दुसऱ्यानं स्विच चालू केल्यामुळे माझ्या उस्तादांचा हात गेला. एकदा घाईत मी फ्यूज खिशातच घेऊन घरी गेलो. एका पेशंटला जिन्यावरून न्यावं लागलं आणि माझी नोकरी गेली. चूक माझी होती. पण फ्यूज खिशात ठेवणं मी सोडणार नाही. म्हणून विनंती आहे, की मला कामावर घेतलंत, तर रोज निघताना फाटकावर कुणीतरी माझा खिसा तपासावा.'

"बाबा! आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेताय. नोकरी मागताना 'माझी झडती घ्या' असं कोण लिहितं?"

"मी लिहितो. पाठव." आणि तिनं बटण दाबेपर्यंत त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

बोलावणं आलं. इमारतीचं सगळं बघणाऱ्या इंजिनीअर बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या, समोर त्याचं पत्र. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

"तुमच्या जुन्या कंपनीत मी फोन केला होता."

 भागूबाईनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"त्यांनी हेच सांगितलं, जे तुम्ही लिहिलंय. शेवटची विनंती सोडून." बाईंनी पत्र फाइलमध्ये ठेवलं. "सोमवारी या. कायम करायचं की नाही, ते काम बघून ठरवू."

बाई हसल्या नाहीत. नोकरी मिळाली याचा आनंद करावा, की 'काम बघून' या दोन शब्दांना घाबरावं, हेच त्याला कळेना. सवयीनं तो घाबरला.

सोमवार नीट गेला. शेवटच्या लिफ्टमधल्या घंटेची वायर तेवढी बदलायची होती; आत कुणी अडकलं तर दाबायची ती घंटा, खाली फाटकाच्या केबिनमध्ये वाजणारी. घंटेचा फ्यूज वेगळा, छोटासा. वायर जोडून होते न होते, तोच इंजिनीअर बाई येऊन मागे उभ्या राहिल्या. झालं! पाचावर धारण बसली. त्यानं लिफ्ट वर नेऊन दाखवली, खाली आणून दाखवली. "ठीक," म्हणून बाई गेल्या. सुटलो म्हणत भागूबाईनं हात धुतले आणि फाटक गाठलं.

"काका, खिसा," वॉचमन म्हणाला.

भागूबाई दचकला. मग त्याला आठवलं, हे आपणच मागितलं होतं. त्यानं रुमाल काढला. टेस्टर काढला. आणि तिसऱ्यांदा हात घातला, तेव्हा बोटांना घंटेचा तो चिनी मातीचा गार गुळगुळीत फ्यूज लागला.

वर लिफ्ट चालू होती, माणसं चढत-उतरत होती, आणि त्यातलं कुणी आज आत अडकलं असतं तर घंटा दाबत बसलं असतं. इथे चिटपाखरालाही ऐकू गेलं नसतं.

"माझी नोकरी..." तो पुटपुटला.

"मॅडमना तुम्हीच सांगा उद्या. मला खिसा बघायला सांगितलाय, तो मी बघितला," वॉचमन म्हणाला. "आता इथे उभे काय राहताय? पळा!"

भागूबाई पळाला. घंटा मुकी असलेल्या लिफ्टमध्ये पाय ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं, तो जिन्यानंच गच्चीवरच्या फ्यूजच्या पेटीपर्यंत गेला. धापा टाकत फ्यूज बसवला, खिसा उलटा करून पाहिला आणि जिन्यानंच खाली आला. रिकामी लिफ्ट त्यानं तळमजल्यावर बोलावली, दार धरून ठेवलं आणि घंटा दाबली.

"वाजली हो काका, वाजली!" फाटकावरून वॉचमन ओरडला.

त्यानं पुन्हा दाबली. मग अजून एकदा.

"अहो, वाजली म्हटलं ना! कान फोडता का आता?" वॉचमननं वर एक सणसणीत शिवीही हासडली. ती ऐकली, तेव्हा कुठे भागूबाईच्या जिवात जीव आला.