भिवसन आबांचं नाक

भिवसन आबांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "तू मशीनमा कोनतं तेल टाकस?"

धुळ्यात मी नुकताच गाळा भाड्याने घेतला होता. नवऱ्याचं घर सोडून आले होते, एक शिलाई मशीन आणि वर्षभर पुरेल एवढा हट्ट सोबत होता. ब्लाऊज शिवायला बायका यायच्या, त्याहून जास्त बायका नुसतं बघायला यायच्या. शेजारच्या गाळ्यावर "बंदूक दुरुस्ती, सरकारमान्य" अशी पाटी होती आणि तिच्याखाली साठीच्या आसपासचे, खाकी अर्धी पँट घातलेले एक गृहस्थ बसत. त्या दिवशी ते उठून आले, माझ्या मशीनजवळची तेलाची कुपी त्यांनी उचलली, एक थेंब अंगठ्यावर घेऊन तर्जनीने चोळला, मग बोट नाकाशी नेऊन डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. मला वाटलं, यांना काही झालं की काय.

"चांगलं शे," ते शेवटी म्हणाले. "पन माले एक थेंब दे. काचवर ठेवस."

त्यांच्या दुकानाबाहेर, जिथे दुपारभर ऊन पडे, तिथे खिडकीची एक जुनी काच तिरपी टेकवलेली असे. तिच्यावर एका ओळीत तेलांचे थेंब आणि प्रत्येकाखाली खडूने आकडा. शेंगदाण्याचं, तिळाचं, खोबऱ्याचं, जवसाचं, गाडीच्या इंजिनातलं, आणि आता माझ्या मशीनचं. महिनाभर ते रोज बोट लावून बघत. शेंगदाण्याचं तेल आठ दिवसांत चिकट झालं, पंधराव्या दिवशी त्यात माशी अडकली. माझं तेल महिना संपला तरी पातळ होतं. आबा भिंतीवर थाप मारून मला म्हणाले, "सुमन, तू पास व्हई गई!" तेव्हापासून आमची देवाणघेवाण सुरू झाली. मी त्यांना मांजरपाटाच्या चिंध्या द्यायची, कारण टेरिकॉट तेल पीत नाही, आणि ते माझी मशीन उघडून पुसून द्यायचे.

आबा मूळचे शिंदखेड्याकडचे. सैन्यात हत्यारं दुरुस्त करण्याच्या कामावर पंचवीस वर्षं काढलेली. पत्नी वारलेली, एकुलती मुलगी दीपनगरला, जावई वीज केंद्रात. गिऱ्हाईक म्हणजे पिकांच्या राखणीसाठी परवाना असलेले शेतकरी. हे लोक बंदुकीला घरात जे तेल असेल ते पाजत. एका पौषात एक मोठे बागाईतदार तणतणत आले. रानडुकरं समोर असताना चाप दबलाच नव्हता. आबांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, ती खोलली, आत पांढरं गोठलेलं काहीतरी बघितलं आणि ते हुंगून हसायला लागले. "भाऊ, खोबरानं तेल डोकाले लाव, बंदूकले नही. थंडीमा ती बी गारठी गयी ना!"

याच्या उलट चूक म्हणजे तेलाची अंघोळ. आमच्याकडच्या धुळीत असली बंदूक चार दिवसांत आतून लापशी होते. अशा वेळी आबा चिडायचे नाहीत, नळी पुसता पुसता समजावायचे, "जे तेल दिसस ते ऱ्हात नही, आनि जे ऱ्हास ते दिसत नही." एकच थेंब, पण योग्य जागी. लाकडी दस्त्याला मात्र ते जवसाचं तेल तळहाताने जिरवत. हात गरम होईपर्यंत चोळायचे, जणू लहान मुलाचं अंग रगडतायत.

रूपसिंग नावाचा एक गिऱ्हाईक सातपुड्याच्या पायथ्याकडून यायचा. कोरडवाहू जमीन, आणि आजोबांपासून आलेली, तोंडातून दारू ठासायची बंदूक. ती धुण्यासाठी आबा दुकानातला स्टो पेटवून पाणी उकळत. मी एकदा विचारलं, बाकीच्या बंदुका रॉकेलने धुता, हिलाच पाणी का? "कायी दारू तेलनं ऐकत नही, पानीनं ऐकस," ते म्हणाले. "काडतूसनी काजयी रॉकेलनं ऐकस. शिसं चिकटनं तं टर्पेंटाइन. कोन कोनानं ऐकस ते समजनं पाहिजे." आणि कोण कोणाचं ऐकेल हे कसं समजायचं? "नाकले इचार. डोया फसतस, नाक फसत नही." नळीत नाक घालून ते सांगत, शेवटचा बार दिवाळीआधीचा की नंतरचा. मला ते खरं वाटायचं नाही, पण रूपसिंग दर वेळी "बरोबर" म्हणून कपाळाला हात लावायचा.

मग एका पावसाळ्यात आबांना ताप आला. तेरा दिवस दुकान बंद होतं. उठले तेव्हा थोडे वाळले होते, बाकी तसेच. फक्त एक नवं सुरू झालं. भिंतीवर थाप पडायची आणि हाक यायची, "सुमन, हाई हुंगी दख बरं." कधी तेलाची बाटली, कधी चिंधी. मी हुंगायची आणि सांगायची, "टर्पेंटाइन," "जुनं इंजिन तेल," "याला खवट वास येतोय." ते मान डोलवायचे. मला वाटायचं, आबा मला विद्या देतायत. मैत्रिणींना मी हे अभिमानाने सांगितलं होतं.

त्या वर्षी रॉकेलची टंचाई होती. रेशनच्या रांगेत अर्धा दिवस जायचा. होळीच्या आसपास एका सकाळी रूपसिंग आला, हातात पाच लिटरचा डबा. तो ज्या जमीनदाराकडे मजुरीला जाई, त्याच्या वाड्यातून त्याने तो आबांसाठी मागून आणला होता. मी काजं करत बसले होते. पलीकडे डबा ताटलीत ओतल्याचा आवाज आला, आणि लगेच फळ्यांच्या भिंतीच्या फटीतून वास आला. घशाला झोंबणारा, गोड वास.

मी सुई हातात घेऊनच धावले. ताटली भरलेली होती, तिच्यात बंदुकीचे भाग बुडवलेले. दोन हातांवर स्टो, त्यावर रूपसिंगच्या बंदुकीसाठी पाण्याचं पातेलं, आणि आबांच्या हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली होती. मी त्यांच्या हातावर फटका मारला. काड्या फरशीभर सांडल्या.

"काय झायं?" आबा दचकून म्हणाले.

"आबा, पेट्रोल आहे ते!"

रूपसिंग दारात उभा होता. "नाय बाई, रॉकेल हाय. मालकाच्या माणसानं दिलं." त्याचा आवाज मात्र तेवढ्यात बसला. वास त्यालाही येत होता. त्याला वाटलं होतं, मालकाकडचं रॉकेल असंच असेल आणि आबांना तर कळतंच.

आबांनी ताटलीत बोट बुडवलं. वर काढलं. ते बघता बघता कोरडं पडलं. रॉकेल असं उडून जात नाही. त्यांनी बोट नाकाशी नेलं, सवयीने, आणि तसंच धरून राहिले. मग ते खाली बसले, भिंतीला पाठ लावून.

आम्ही ताटली उचलून बाहेर नेली, डबा मागच्या पटांगणात ठेवला, दारं उघडी टाकली. रूपसिंग रडायला लागला होता. आबांनी त्याचा हात धरला. "तुनी चूक नही, भाऊ. चूक मनी शे." तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठ महिना व्हई गयात. माले कसानाच वास येत नही. भाकरना नही, तेलना नही. तू सांगस म्हनीसन दुकान चाली ऱ्हायनं."

मला आधी राग आला, की मला सांगितलं का नाही. मग भीती वाटली, कारण ते आता काय करणार हे मला समजलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोस्टकार्डं आणली. ज्यांच्या बंदुका दुकानात होत्या त्या सगळ्यांना स्वतःच्या हाताने लिहिलं, या आणि घेऊन जा. महिनाभर एकेक माणूस येत राहिला. प्रत्येक बंदूक पुसलेली, तेल दिलेली, काम पूर्ण केलेली. रॉकेल हुंगायला मला बोलावत होते, पण आता उघडपणे.

मी खूप गळ घातली. म्हटलं, "मी आहे ना शेजारी. रोज सकाळी सगळ्या बाटल्या हुंगून देईन. कोणाला कळणारही नाही."

"उधारनं नाक लाईसन कारागिरी व्हत नही, सुमन." मग म्हणाले, "रूपसिंग दारमा व्हता. तू भिंतना पल्याड व्हती. मी एकला असतू तं येगळी गोठ व्हती."

मी त्यांच्या दुकानाची काळजी करत नव्हते, हे आज कबूल करते. मला ते शेजारी हवे होते. सकाळी शटर वर जाताना खाकरणं, दुपारी भिंतीवरची थाप, गिऱ्हाइकाशी घातलेला वाद, हे सगळं मला हवं होतं. मला परत सासरी जा म्हणाला नाही असा त्या गावात तो एकच माणूस होता. पण मला हे बोलता आलं नाही. मी आपली नाकाबद्दलच बोलत राहिले.

परवाना जमा करून ते दीपनगरला मुलीकडे गेले. मी दोनदा भेटून आले. क्वार्टरच्या अंगणात खाटेवर बसलेले असत, नातवाला गणितं घालत. पहिल्या वेळी ते मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या वेळी, वर्षभराने, फाटकापर्यंतच आले. "थंडीमा येस मी धुयाले," म्हणाले. त्या थंडीत मी प्रत्येक रविवारी गाळा झाडून ठेवला. माघात मुलीचं पत्र आलं. झोपेतच गेले होते.

मी गेले तेव्हा दिवस होऊन गेले होते. मुलीने जेवायला वाढलं. तिचे डोळे राहून राहून भरून येत होते.

"तुम्हाला सांगते ताई, आबांना माझी फोडणी फार आवडायची," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी खाटेवरून ओरडायचे, पोरी, काय वास सुटना शे! एक दिवस चुकला नाही. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा म्हणाले."

मी तिच्याकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. तिथे कोणालाच माहीत नव्हतं. त्या घरात दीड वर्षाहून जास्त राहून त्यांनी कढईत मोहरी तडतडली की दाद दिली होती, नुसत्या आवाजावरून.

"हो," मी म्हणाले. "धुळ्यालाही तुझ्या फोडणीची आठवण काढायचे."

ती हसली, आणि आणखी एक भाकरी वाढायला उठली.